मालूताईंचं अपेंडिक्स

मालूताई दिघ्यांकडे मी दोन वर्षं शिवण शिकले, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं तर त्यांच्या नावाला बट्टा लागेल. माझ्या हातून अजूनही शर्टाचं बटण धड लागत नाही. लागलंच तर काजाच्या समोर येत नाही. धारमध्ये त्यांच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या. कुणी दुकानं काढली, कुणी सासरी जाऊन घर सावरलं. त्या सगळ्यांत ढ मी, आणि लग्नानंतर घरही मिळालं ते नेमकं त्यांच्या भिंतीला भिंत लागून. म्हणजे क्लास सुटला तरी मालूताई काही सुटल्या नाहीत. आता त्या देवासला असतात, शेजारच्या घराला कुलूप आहे, आणि मशीनचा आवाज नसल्यामुळे दुपारची मला झोप येत नाही.

उंचीला बेताच्या, अंगाने काटक, आणि गळ्यात मोजपट्टी. ही मोजपट्टी त्या बँकेत जाताना काढत नसत, भाजी आणताना काढत नसत. एकदा मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या जरीचं लुगडं नेसून आल्या, तेव्हाही ती गळ्यात होती. कुणीतरी हसून खुणावलं तर म्हणाल्या, "राहू दे, सवाष्णींनी मंगळसूत्र घालावं, मी हे घालते." त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

दुसरी ओळख म्हणजे ओठात धरलेल्या टाचण्या. त्यांची सगळी महत्त्वाची वाक्यं मी टाचण्यांमधून ऐकलेली आहेत. मुलगी दारातून आत येईपर्यंत त्यांनी डोळ्यांनीच तिचं माप घेतलेलं असे. आमच्याशी बोलताना मराठी अगदी जुन्या वळणाचं, कुक्षीकडच्या मुली आल्या की निमाडी, आणि रागावल्या की हिंदी. शिकवताना मात्र सगळ्यांना एकच शब्द पुरे होता, तो म्हणजे "उसव." मी पहिला ब्लाउज शिवला तेव्हा त्याचा बाहीकडचा एकच मुंढा चार वेळा उसवला. पाचव्यांदा मी रडकुंडीला आले तर म्हणाल्या, "ज्याला उसवायला लाज वाटते त्याने सुई धरू नये." कौतुकाचा शब्दही असाच एकच होता. काम अगदी मनासारखं झालं तर त्या ते उलटून, आतली टीप बघून म्हणत, "चालेल." मला दोन वर्षांत एकदाही मिळाला नाही.

एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या बायकोचा ब्लाउज त्यांच्याकडे होता. संध्याकाळी समारंभ, दारात जीप उभी, आणि मालूताईंना आतल्या अस्तराची टीप वाकडी दिसली. त्यांनी बाईंच्या डोळ्यांदेखत ब्लेड घेतलं आणि सगळी बाजू उसवली. बाईंचा चेहरा उतरला. आतलं कुणाला दिसणार आहे, असं त्या काकुळतीने म्हणाल्या. मालूताईंनी टाचण्या काढून हातात घेतल्या, म्हणजे मामला गंभीर होता. "दिसणार नाही, पण तुम्हाला टोचेल. चार तास तिथे हसत बसायचंय ना तुम्हाला?" बाई पाऊण तास आमच्या बाकावर, पोरींच्या मधोमध बसून राहिल्या. पुढे त्यांची बदली झाली तरी माप पोस्टाने येत असे.

विक्षिप्तपणाही काही कमी नव्हता. त्यांच्या मशीनजवळ तांब्याचा एक तांब्या असे आणि त्या घड्याळ बघून पाणी पीत. तहान असो नसो. लोणचं, पापड ताटात वाढलं तर बाजूला काढून ठेवत. आणि डोकं फुटेस्तोवर दुखलं तरी गोळी घेत नसत. एकदा दाढ सुजून तोंड वाकडं झालं होतं, तरी लवंग धरून बसल्या. मी गोळी नेली ती त्यांनी माझ्याच हातावर परत ठेवली. आम्ही मागून म्हणायचो, बाई हट्टी आहे. सगळे आजार त्यांनी एकदाच आटोपून घेतले होते, असं त्याच सांगत. "चोविसाव्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेवढंच काय ते दवाखान्याचं तोंड बघितलं." हे अपेंडिक्स साऱ्या धारला ठाऊक होतं. कुणाचं पोट दुखलं की मालूताईंच्या अपेंडिक्सचा दाखला निघे.

त्यांचं माणूस म्हणावं असं एकच होतं, देवासचा भाचा निखिल. मोठ्या भावाचा, नानांचा, एकुलता एक मुलगा. नाना देवासला कारखान्यात नोकरीला होते. तरुणपणी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि नवी बसवून ते पुढे वीसेक वर्षं जगले. किडनी बाहेरची मिळाली, कुण्या परक्या माणसाची, असं घरात सांगत. निखिलचा जन्म त्यानंतरचा. आता नानाही नाहीत आणि वहिनीही नाहीत. निखिल शिकला सगळा हिंदीत, त्यामुळे त्याचं मराठी बोलायला झकास आणि वाचायला दिलं की अडलं. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी दोघांचं भांडण होई. भांडणाचा विषय ठरलेला: त्यांनी देवासला येऊन राहावं. "आत्या, तू तिथे एकटी मरशील, मग लोक मला नाव ठेवतील," असं तो ओरडे. त्याही ओरडत, "मेले तर तुला कळवीन." भिंतीला कान न लावता मला सगळं ऐकू येई. फोन ठेवल्यावर त्या अर्धा तास अगदी खुशीत असत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात वायू धरला. मी अक्षरशः ओढत त्यांना सोनोग्राफीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. यांची डावी किडनी दिसत नाही, काही माणसांना जन्मतःच एक असते. आणि जी एक आहे, उजवी, तिच्यावर बोराएवढी गाठ आहे. गाठ लहान आहे पण लक्षण चांगलं नाही, इंदूरला दाखवा. मालूताईंनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "रिक्षा बघ. सहा वाजता मुली येतील."

धारहून आम्ही गेलो, देवासहून निखिल आला, आणि इंदूरच्या दवाखान्यात आम्ही भेटलो. डॉक्टर राठौर मूळचे कुक्षीचे, चाळिशीचे, हळू आवाजात बोलणारे. कुक्षी म्हटल्यावर मालूताईंनी पहिल्याच मिनिटाला त्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, करून टाकलं. फॉर्म निखिलने भरला. आधीचं काही ऑपरेशन, असा रकाना आला तेव्हा मालूताई म्हणाल्या, "अपेंडिक्स." त्याने ते लिहिलं. तपासायला डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, पदर सारला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मग ते संगणकावरच्या फोटोकडे गेले, बराच वेळ बघत राहिले, परत आले. काही बोलणार तेवढ्यात मालूताई आडव्या असतानाच म्हणाल्या, "निखिल, जा, मला चहा आण." त्या चहा पीत नाहीत. पण निखिलच्या ते डोक्यात आलं नाही, तो गेला.

दार लागल्यावर डॉक्टर म्हणाले, "माताजी, अपेंडिक्स तो दाहिनी तरफ होता है. ये निशान बाईं तरफ है, और पीठ तक गया है. अंदर क्लिप भी दिख रही है. ये किडनी जन्म से गायब नहीं है, निकाली गई है."

मालूताई उठून बसल्या. पदर नीट केला. चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं तसं त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या बोलू लागल्या, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि पहिल्यांदाच ओठात टाचण्या नसताना. नाना मरणाच्या दारात होते. आईचं रक्त जुळलं नाही, वडिलांचं वय झालेलं. यांचं जुळलं. घरात कुणी 'दे' म्हणेना, कारण लग्नाची मुलगी. यांनीच पिशवी भरली आणि नानांबरोबर मुंबईच्या गाडीत बसल्या. परत आल्यावर वडिलांनी ठरवलं की बाहेर अपेंडिक्स सांगायचं. एक किडनी नसलेली मुलगी कोण करून घेईल? "लड़की की शादी करनी थी भिया, तो अपेंडिक्स बोल दिया."

"फिर शादी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक स्थळ पक्कं झालं होतं. मला खोटं सांगून जायचं नव्हतं, म्हणून मी त्या मुलाला खरं सांगितलं. तो भला होता, त्याने कुणाला सांगितलं नाही. पण आलाही नाही." हे त्यांनी कुणा तिसऱ्याच बाईची हकिकत सांगावी तसं सांगितलं.

मग डॉक्टरांनी विचारलं की आता इतक्या वर्षांनी भाच्यापासून लपवायचं काय कारण. माझ्याही मनात तेच होतं. मालूताई म्हणाल्या, "नानांना मी शपथ घातली होती. पोरगं झालं तेव्हा पुन्हा घातली. त्याला कळलं ना, तर तो माझ्यापुढे वाकून चालेल, जन्मभर. रविवारी फोनवर भांडणार नाही. मला भाचा हवाय. भक्त नकोय."

मी वीस-बावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. तो घड्याळ बघून प्यायलेला तांब्या, ते बाजूला सारलेलं लोणचं, हातावर परत ठेवलेली गोळी. एवढ्या वर्षांत त्या आपली एक किडनी तान्ह्या पोरासारखी जपत होत्या आणि आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो. मला त्यांचा एकदम धाक वाटला. माणूस एवढं मोठं काही करतो आणि नंतर चाळीस वर्षं पोरींना काज करायला शिकवतो, हे मला झेपेना. डॉक्टर म्हणाले की फाइलमध्ये खरं लिहावं लागेल, ते टाळता येणार नाही. पण तोंडाने ते कुणाला काही सांगणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली.

निखिल चहा घेऊन आला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून समजावलं. दोन किडन्या असत्या तर गाठीची अख्खी किडनी काढून टाकता आली असती. इथे तशी सोय नाही. गाठ तेवढी कोरून काढायची आणि उरलेली किडनी शिवायची. त्यासाठी रक्ताच्या नळीला चिमटा लावावा लागतो, आणि चिमटा लागला की किडनी उपाशी असते. वीस-पंचवीस मिनिटांच्या आत कापणं, शिवणं, चिमटा काढणं, सगळं आटपायला हवं. यंत्राच्या हातांनी हे बारीक काम चांगलं होतं, चार-पाच लहान भोकांतून. पण रक्त थांबलं नाही तर किडनी काढावी लागेल आणि मग आयुष्यभर डायलिसिस. हे सगळं तोंडावर सांगणं त्यांचं काम होतं, आणि त्यांनी ते सांगितलं.

निखिल खुर्चीच्या टोकावर आला. "डॉक्टर साब, किडनी नहीं बची तो मेरी ले लेना. माझ्या बाबांना तर कुण्या परक्याची चालली होती, माझी तर आत्याच्या रक्ताची आहे."

मालूताईंचा चेहरा मी तेव्हा बघितला तो बघितला. चोवीस वर्षांच्या मुलीने जे केलं होतं तेच तो तिला देऊ करत होता, आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या एवढ्या कडक आवाजात बोलल्या की डॉक्टरही दचकले. "तुझं काही नको मला. तुला पोरं व्हायचीत अजून."

निखिलला ते लागलं. त्याला वाटलं, आत्या आपल्याला परकं मानते. तो उठून बाहेर गेला आणि वऱ्हांड्यात लांबच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी तो भांडलाही नाही. मालूताईंना त्याचंच जास्त लागलं असावं. गाठीबद्दल नाही, पण त्याबद्दल त्यांनी मला दोनदा विचारलं, "गेला का तो रागावून?"

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना अडवलं. कुठल्या मशीनवर शिवणार ते दाखव, म्हणाल्या. मला वाटलं आता हा माणूस हसेल आणि निघून जाईल. त्याने आम्हाला खरंच नेलं. आतलं काम संपलं होतं, दारातून दिसलं. मध्ये पलंग, त्याच्यावर वाकलेले चार लांब हात, प्लास्टिकची आवरणं घातलेले. "याला झबलं कुणी शिवलं?" मालूताईंनी विचारलं. पण त्यांचं लक्ष त्या हातांवर नव्हतं. दूर कोपऱ्यात एक मोठी पेटी होती. डॉक्टर तिथे बसून डोकं आत घालणार, बोटं दोन कड्यांत अडकवणार, आणि तिथून हे हात हलवणार.

"म्हणजे तू मला हात लावणार नाहीस?"

"नहीं माताजी. मैं वहाँ बैठूँगा. आपके पास मेरा साथी खड़ा रहेगा."

"मग कापड हाताला कसं लागणार? दोरा किती ओढायचा ते कसं कळणार?"

डॉक्टर म्हणाले की नाही कळत. हाताला काहीच लागत नाही. दोऱ्याचा ताण डोळ्यांनी ओळखावा लागतो, मांस किती दबलं, रंग किती बदलला, यावरून. आत सगळं दहापट मोठं दिसतं, पण लागत नाही. आणि गाठ मारली तर मऊ मांस चिरतं, म्हणून टाक्याच्या टोकाला गाठीऐवजी क्लिप लावून ती हळूहळू सरकवत आवळतात. हे त्यांनी फोनवर कुठल्यातरी जुन्या ऑपरेशनचा तुकडा लावून दाखवलं. टीचभर जागेत सुई अर्धी वळली, मांसातून गेली, दुसऱ्या चिमट्याने धरली, पुन्हा वळली. मालूताई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. चाळीस वर्षं ज्यांनी कापड चिमटीत धरल्याशिवाय त्याच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, त्या बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा अचंबा बघितला. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरून उलटे केले, बोटांची टोकं बघितली.

"हाताला न लागता," त्या स्वतःशी म्हणाल्या. आणि मग डॉक्टरांना म्हणाल्या, "चालेल."

मला दोन वर्षांत न मिळालेला शब्द त्या माणसाला दहा मिनिटांत मिळाला. मला असूया वाटायला हवी होती, पण माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

सकाळी त्यांना आत नेलं. मोजपट्टी त्यांनी माझ्याकडे दिली, पहिल्यांदाच गळ्यातून काढलेली. निखिल बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. तो सारखं एकच म्हणत होता, मी काय वाईट बोललो, सांगा ना मावशी, मी तर द्यायचंच बोललो ना. माझ्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यात त्याचं दुःख गेलं असतं. पण मालूताई आत टेबलावर होत्या आणि मी मान हलवून शब्द दिला होता. मी त्याला म्हटलं, "आत्याला घेण्याची सवय नाही रे." तेवढंच मला सुचलं.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. गाठ निघाली, किडनी जागेवर आहे, चिमटा अठरा मिनिटं होता. पण आताच आनंद करू नका, म्हणाले. उपाशी राहिलेली किडनी पुन्हा कामाला लागते की नाही, ते आता लघवीच्या पिशवीवरून कळेल.

मग दीड दिवस आम्ही त्या पिशवीकडे बघत बसलो. पहिल्या दिवशी तळाशी जेमतेम दोन बोटं. नर्स काही बोलत नव्हती, ते मला आवडलं नाही. निखिल दर तासाला वाकून बघे आणि औषधाच्या रिकाम्या खोक्यावर आकडा लिही. मालूताई गुंगीतून जाग्या झाल्या की त्याला विचारत, किती? तो खोटं सांगे. त्या म्हणत, खोटं बोलू नकोस, मला माप कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी डबा घेऊन आले तर निखिल पलंगाजवळ उकिडवा बसला होता, पिशवी अर्धी भरलेली, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मालूताई त्याला म्हणत होत्या की लघवी बघून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडे आपल्या ऑपरेशनची फिल्म मागितली. ते लॅपटॉप घेऊन आले. मी मान फिरवून बसले, मला रक्त बघवत नाही. मालूताईंनी पूर्ण शिवण बघितली, पापणी न हलवता. मध्येच त्यांनी थांबवायला लावलं. एक टाका डॉक्टरांनी घेतलेला काढून पुन्हा घेतला होता. चिमटा लागलेला, घड्याळ चाललेलं, आणि त्यात त्यांनी तो टाका उसवला. "हा का काढलास?" डॉक्टर म्हणाले की जरा उथळ बसला होता, पुढे त्रास दिला असता. फिल्म संपेपर्यंत त्यांचा हात डॉक्टरांच्या बाहीवर होता. शेवटी चिमटा निघाला आणि राखाडी पडलेली किडनी हळूहळू गुलाबी झाली. "रंग आला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. स्वतःसाठी फुटलेला त्यांचा आवाज मी तेवढाच ऐकला. गाठ वाईट जातीचीच होती, पण कडेपर्यंत स्वच्छ निघाली होती, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. काही आठवडे कुणीतरी सोबत हवं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या पंधरा दिवसांसाठी देवासला जायला कबूल झाल्या. फक्त पंधरा दिवस, असं निखिलला चारचौघांत बजावून. तो औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता, हातात घरी सोडल्याचा कागद. तिथल्या माणसाने गोळ्यांची नावं बघायला तो मागितला, परत दिला. निखिलने सहज वाचायला सुरुवात केली. इंग्रजी होतं, ते त्याला मराठीपेक्षा चांगलं येतं. मी शेजारी होते. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. त्या ओळीत डावी किडनी होती आणि 'डोनर' हा शब्द होता. तो ते वाचत राहिला. मागचा माणूस म्हणाला, भिया, आगे बढ़ो. तो पुढे सरकला, गोळ्या घेतल्या, कागदाची चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मला काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला उमगलं की नाही, मला कळेना.

वर खोलीत गेल्यावर तर तो नेहमीसारखाच वैतागला. "आत्या, चप्पल ती नाही, दुसरी घाल. किती वेळा बोललो." त्याही त्याला बोलल्या की तू माझ्या चपलेत लक्ष घालू नकोस. चाकाच्या खुर्चीत बसायचं की चालत जायचं यावरून लिफ्टपर्यंत वाद झाला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बरं झालं, त्याला काही कळलेलं नाही.

दवाखान्याच्या दाराशी गाडी उभी होती. मालूताई पुढच्या सीटवर बसल्या. मी मोजपट्टी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी लगेच गळ्यात घातली. निखिल त्यांच्या बाजूचं दार उघडून वाकला. त्याच्या हातात एक लहानशी उशी होती, घरून आणलेली, अभ्रा धुतलेला. पट्टा टोचू नये म्हणून ती त्याने त्यांच्या कुशीशी नीट बसवली. डाव्या कुशीशी.

"अरे, ऑपरेशन उजवीकडे झालंय," मालूताई म्हणाल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला.

उशी त्याने तिथेच ठेवली, वरून पट्टा ओढून घेतला आणि अडकवला. मालूताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग काचेतून माझ्याकडे. मी नाही म्हणून मान हलवली, मी काही सांगितलेलं नव्हतं. निखिल वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसला. मग त्यांनी दोन्ही हात त्या उशीवर ठेवले.

"चल, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "उगाच ऊन चढेल."

गाडी फाटकातून देवासच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत उभी होते. उशी त्यांनी काढली नाही.